कोरडवाहू कॉम्प्युटरची गणपूर्ती

नांदूरघाट,
पौष महिना

श्रीमान विठ्ठलराव साडूसाहेब यांना धर्मराजचा साष्टांग रामराम. (साष्टांग लिहिलं खरं, पण कंबर अशी धरली आहे की आडवा झालो तर उठवायला माणूस बोलवावा लागेल, आणि माणूस गावात नाही. तेव्हा उभ्यानेच मानून घ्या.) गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आता जिना चढता का? केशरबाईंच्या दम्याला पुण्याची हवा मानवली का? नातू अजून भाजीतले कांदे वेचून ताटाच्या कडेला लावतो का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. सर्व म्हणजे मी, दूध संस्थेत माप घेणारी भिवराबाई, आणि ज्यांच्याने आता ऊस तोडवत नाही अशी काही म्हातारी खोडं. बाकीचं गाव दसरा झाल्यावर कोयते घेऊन कारखान्यांकडे गेलं. फोन सोडून पत्र का लिहितो, असं तुम्ही विचाराल. तर फोनवर तुम्ही दर दोन वाक्यांनी "बरं मग" म्हणता आणि माणसाचं बोलणं तिथंच संपतं. पत्रात तुम्हाला तसं म्हणता येत नाही.

केशरबाईंनी दिवाळीत निरोप धाडला होता, की मंजुळा जाऊन दोन वर्षं झाली, आता एकटं राहून कुणाला दाखवता, पाऊस पडेपर्यंत पुण्याला येऊन राहा. बहिणीच्या मागे मेहुण्याची एवढी काळजी करणारी माणसं आता मिळत नाहीत, हे मी जाणतो. पण येणं शक्य नाही. मी आमच्या दूध संस्थेचा चेअरमन आहे आणि संस्थेत सध्या एक कॉम्प्युटर अडकून पडलेला आहे. तो कसा अडकला हे सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हीच म्हणाल की धर्मराजला हलता येणार नाही.

गणपती झाल्यावर आमची सर्वसाधारण सभा भरली. दुधाचं माप, फॅट आणि चिठ्ठी हे सगळं कॉम्प्युटरवर करा, असं वरून सांगणं होतं. मला वाटलं, साधा एखादा घेऊ. पण व्हाइस चेअरमन बंकट मुकादम उठला आणि म्हणाला, "घ्यायचा तर ताकदीचा घ्या. बोअर घेताना आपुन खर्चाला भिऊन मधीच थांबलो, आन् शेजारच्याला तिथून खाली पाणी लागलं. आता पुन्यांदा तीच चूक न्हाई." विठ्ठलराव, या बोअरचा दाखला आमच्या गावात दिला की पुढे कुणी बोलत नाही. कोरडी बोअर संस्थेच्या दारातच आहे, येताजाता ठेच लागते. तेव्हा गावातल्या दुधासाठी (जे यंदा चाऱ्याअभावी चार कॅनवर आलं आहे) जिल्ह्यातला सर्वांत शक्तिशाली कॉम्प्युटर घ्यावा, असा ठराव टाळ्यांच्या गजरात झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. एकट्याने हात मांडीवर ठेवून बसणं बरं दिसत नाही.

मग बीडला मी, बंकट आणि संचालक सुंदरराव असे तिघे गेलो. दुकानदार बिचारा सज्जन माणूस. त्याने सर्वांत भारी कॉम्प्युटर पुढे ठेवला. पेटीला एका बाजूने काच आणि आत लाल-हिरवे दिवे. सुंदररावांना पसंत पडला, पण ते जन्मभर म्हशींच्या व्यवहारात मुरलेले. दुभतं जनावर घ्यायचं तर तीन धारा समोर काढून बघायच्या, संध्याकाळची, सकाळची आणि पुन्हा संध्याकाळची, त्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. एक धार कुणीही तुंबवून दाखवतो. त्यांनी दुकानदाराला तसंच बजावलं. दुकानदाराला आधी काही कळेना. मग आम्ही खरंच संध्याकाळी येऊन बसलो, बंकटच्या मेहुण्याकडे मुक्काम केला, सकाळी पुन्हा हजर झालो आणि संध्याकाळी तिसऱ्यांदा. दर वेळी त्याने एकच मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावून दाखवला. सुंदरराव मागे हात लावून तापला का बघत होते. तिसऱ्या धारेलाही मोटार तेवढीच पळाली, तेव्हा ते खूश झाले आणि म्हणाले, "हा आटणारा न्हाई."

बयाणा हातात काढला आणि दुकानदाराने कौतुकाने सांगितलं, की हा तापत नाही कारण याच्या आत पाणी फिरतं. झालं! बंकटने नोटा परत खिशात घातल्या. गावाला टँकर आठवड्यातून एकदा, तोही आला तर, बाया हंडे घेऊन रस्त्याला बसलेल्या, आणि संस्था पाणी पिणारा कॉम्प्युटर आणते? गावात तोंड कसं दाखवायचं? दुकानदार परोपरीने सांगत होता, की ते पाणी एकदाच भरलेलं असतं, पुन्हा घालावं लागत नाही. बंकट म्हणाला, "बोअरवाला बी असंच म्हणलता." शेवटी आम्ही त्याच्याखालचा, नुसत्या पंख्यावर चालणारा घेतला. बिलावर 'कोरडवाहू' असं लिहून द्या, असा सुंदररावांनी आग्रह धरला. दुकानदाराने दिलं. त्याला आम्हाला वाटेला लावायचं होतं.

आता खरी अडचण. कॉम्प्युटर संस्थेत आणून नारळ फोडला, बटन दाबलं, तर पडद्यावर कंपनीच्या अटी उमटल्या. खाली विचारलेलं, आपण या अटींशी सहमत आहात का? तुम्हाला ठाऊक आहे, सहकारात माणूस एकटा सहमत होत नसतो. सूचक लागतो, अनुमोदक लागतो. म्हणून त्या अटी भिंतीवर मोठ्या दिसतील अशी व्यवस्था करून आम्ही सभेत एकेक कलम वाचायला घेतलं. (दुकानदाराने फोनवर सांगितलं, की आजवर त्याच्या एकाही गिऱ्हाइकाने त्या वाचल्या नाहीत. मला त्या गिऱ्हाइकांची दया आली.) त्याच सुमारास बंकटने पेपरात वाचलं, की जगभरची सरकारं या मोठ्या कॉम्प्युटर कंपन्यांना वेसण घालायच्या विचारात आहेत. "मंग आपुन कावून गप बसायचं?" असं म्हणून त्याने तिथल्या तिथे कंपनी नियंत्रण उपसमिती स्थापन करून घेतली.

उपसमितीत सुंदरबाई होत्या, आमच्या महिला संचालक (सुंदररावांशी नातं नाही, नुसतं नाव जुळतं). अटींत एक कलम होतं, की कंपनी या अटी केव्हाही बदलू शकते. सुंदरबाई उभ्याच राहिल्या. "आपल्याला पोटनियमातली एक ओळ बदलायची तर सभा घ्यावी लागती, वर मंजुरी लागती. आन् ही कंपनी एकटी घरात बसून बदलती? आन् आपुन आधीच हो म्हनायचं?" मी प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतला. उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा. दुसऱ्या कलमात होतं, की कंपनी आपली माहिती गोळा करते. कुणाच्या दुधात किती पाणी हे अमेरिकेला कळणार म्हटल्यावर प्रत्येक जण स्वतःचा हिशोब करत होता. शेवटी सुंदरराव म्हणाले, "यंदा घाबरायचं कारन न्हाई. घालायला पानीच न्हाई." पुष्कळ दिवसांनी सभा एवढी हसली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

तर अटी 'दुरुस्तीसह मान्य' असं ठरलं. पण पडद्यावर दुरुस्तीला जागाच नाही. दोनच चौकोन आहेत, 'सहमत आहे' आणि 'नंतर विचारा'. म्हणून आम्ही कंपनीला रजिस्टर पोस्टाने दुरुस्त्या पाठवल्या, सभेला समक्ष हजर राहून खुलासा करावा असं कळवलं, आणि उत्तर येईपर्यंत विषय तहकूब ठेवला. उत्तर आलं नाही. दसरा मात्र आला. आणि आमचं संचालक मंडळ म्हणजे जवळजवळ बंकटची टोळीच असल्यामुळे अख्खं मंडळ एका ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला गेलं. बायका, पोरं, भांडी, कोंबड्या आणि कंपनी नियंत्रण उपसमितीसुद्धा. आता गणपूर्ती तिकडे आहे आणि सभा इकडे.

मी बंकटला फोन लावला. तो म्हणाला, "आप्पा, मोळ्या बांधून हातात जीव न्हाई राहिला. तुमी काय ते बघा, न्हाईतर हिकडंच या, फडात सभा घिऊ." नियमात ते बसत नाही. म्हणून मी रोज सकाळी संस्था उघडतो, खुर्च्या झटकतो, थोडा वेळ वाट बघतो आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब करतो. भिवराबाई बाहेर हाताने माप लिहीत असते. ती काल म्हणाली, "आप्पा, कावून अडवून धरलंय ते? दाबा की येकदाचं. गाईला काय तुमची सभा कळती का?" मी तिला सहकाराचं तत्त्व समजावून सांगितलं. तिने ऐकता ऐकता दोन कॅन धुतले.

विठ्ठलराव, थट्टा पुरे. गावात दिवसा इतकी शांतता असते, की माझ्याच चपलांचा आवाज आला तरी मी मागे वळून बघतो. पूर्वी घराला कधी कुलूप लावलं नाही, मंजुळा असायची. आता लावतो, आणि किल्ली कुणापाशी ठेवावी ते कळत नाही. संस्थेत जाऊन कॉम्प्युटर लावला की तो 'आपले स्वागत आहे' म्हणतो आणि विचारतो, आपण सहमत आहात का? मी 'नंतर विचारा' दाबतो. दुसऱ्या दिवशी तो न विसरता परत विचारतो. हसू नका, पण मला त्याची सवय झाली आहे. दिवसभरात माझं मत विचारणारं दुसरं कोणी नाही. एकदा तर मी दाढी करून गेलो.

तेव्हा एवढी संस्था वाऱ्यावर सोडून पुण्याला येणं मला शोभणार नाही, हे केशरबाईंना नीट समजावून सांगा. आपले चिरंजीव कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहेत, त्यांना एवढंच विचारा, की अटी दुरुस्तीसह मान्य करायची काही सोय असते का. लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा.

आपला,
धर्मराज
(चेअरमन)

ता. क. चिरंजीवांना विचारायची घाई नाही. विचारलं नाही तरी चालेल.

ता. क. दुसरा. वर लिहिलं ते आज सकाळपर्यंत खरं होतं. पत्र पाकिटात न घालता तसंच ठेवून संस्थेत गेलो आणि मी ते दाबलं. सूचक नाही, अनुमोदक नाही, मी एकट्यानेच. इतके दिवस रोज विचारतोय, त्याला एकदा तरी कुणी हो म्हणावं असं वाटलं. लगेच सुरू झाला. भिवराबाईने कॅन ठेवला की आकडा आपोआप उमटतो, चिठ्ठी बाहेर पडते. चार कॅन चहा निवायच्या आत झाले. संध्याकाळच्या दुधाला परत लावला, तर 'आपले स्वागत आहे' नाही की काही विचारणं नाही, सरळ कामाला लागला. भिवराबाई म्हणाली, "आता तुमी न्हाई आलात तरी चालतंय, आप्पा." ती चांगल्या मनाने म्हणाली. मी तरी थोडा वेळ पडद्यापुढे बसून राहिलो.

ता. क. तिसरा. शनिवारच्या सकाळच्या गाडीने निघतो. केशरबाईंना म्हणावं, जेवणात काही विशेष नको, भाकरी चालेल. स्टँडवर कुणाला तरी पाठवा. पत्ता माझ्यापाशी आहे, रिक्षाही करता येते, त्यावाचून काही अडणार नाही. फक्त गाडीतून उतरल्यावर मला घ्यायला कुणीतरी आलेलं दिसावं, एवढंच.