विद्यापीठाचा पाय

बदनापूर,
१७ मे १९५९

तीर्थस्वरूप भालचंद्रदादा यांस,

धाकटा भाऊ श्रीपती याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी एक सध्या तुमच्या विद्यापीठाच्या मालकीचे आहे, तरी ते धरून आठच समजावीत.) वहिनींचा दमा कसा आहे? इकडे सारे खुशाल. सौ. प्रेमला तुमची रोज आठवण काढते, माझा लाकडी पाय खाटेखालून आडवा आला की जरा जास्तच.

दादा, तुम्ही विद्यापीठात हेडक्लार्क, म्हणून संशोधनाच्या यादीत माझे नाव घातलेत आणि कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्राच्या पट्ट्यात गेलेला पाय मला पंधरा वर्षांनी परत मिळाला. उपकार विसरलो नाही. पण आता संशोधन करणाऱ्या अरुंधतीबाईंचा छापील तक्ता आला आहे: पाय वापरता की नाही, ते महिनाअखेर कळवा. बहुतेकांनी नाही म्हटले तर विद्यापीठ या कामाची मदत बंद करणार म्हणे. तेव्हा खरे काय ते आधी तुम्हालाच सांगतो.

पाय मजबूत आहे, पण त्याला तपकिरी बूट कायमचा ठोकलेला आहे. बाईंनी तो विलायती पुस्तकात पाहून केला असावा. तिकडचे लोक बूट घालून जेवतही असतील. मी मारुतीला जातो तेव्हा चपलांच्या रांगेत पाय काढून ठेवतो आणि एका पायावर दर्शन घेतो. (पुजारी रामकिसनबुवा याला तपश्चर्या म्हणतात.)

परवा वाटूरला आपल्या मुकुंदाचे लग्न झाले. पंगतीत मांडी घातली तर बूट थेट काकासाहेबांच्या पत्रावळीला लागला. ते म्हणाले, "मास्तर, बूट तेवढा भाईर ठेवा." त्यांचे बराबरच होते. मी पाय सोडला, उपरण्यात गुंडाळला आणि एका पोराला मांडवाच्या दाराशी जोड्यांच्या ढिगात ठेवायला दिला. बूट तेवढा बाहेर दिसत राहिला आणि इथेच घात झाला. नवरीच्या बहिणी नवरदेवाचा बूट पळवायला टपलेल्याच होत्या. त्यांनी गाठोडे उचलून धूम ठोकली आणि मुकुंदापाशी साड्या मागू लागल्या. मुकुंदाचे दोन्ही बूट त्याच्या पायात! तो हसतो आहे, त्या हटून बसल्या आहेत आणि मी चौथी जिलबी संपवूनही पाटावरच, कारण उठायचे कशावर? शेवटी उपरणे सुटले. करवल्या किंचाळल्या आणि गाठोडे धान्याच्या कोठीत टाकून पसार झाल्या.

मी शेजाऱ्याची काठी मागून घेतली आणि ती टेकत, लंगडी घालत कोठीत गेलो. तिथे नवरीची चुलती झुंबरबाई तांदूळ निवडत बसली होती. सूप बाजूला आणि मांडीवर माझा पाय. तिचाही पाय अकरा वर्षांपूर्वी साप चावून गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून घरात कार्य असले की ती कोठीतच असते. "मास्तर, ह्याच्यानं खरंच चालता येतं का हो?" तिने विचारले. मी रागात होतो. काही उपयोगाचा नाही, असे म्हणून गेलो. तिने पट्टे नीट गुंडाळून पाय माझ्या हातात दिला. (माझे ते बोलणे मला अजून टोचते.)

तर असा हा पाय देवळात नको, पंगतीत नको, लग्नात तर पळवून नेतात. सबब तक्त्यात 'उपयोग नाही' असेच लिहावे म्हणतो. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
श्रीपती

ता. क. वरचे सारे रागाच्या भरात लिहिले. तक्त्यात 'रोज वापरतो' असे लिहून टाकले आहे. यंदा पंधरा वर्षांनी मी वर्गात उभा राहून फळ्यावर लिहिले. वरच्या ओळीपर्यंत हात पोचला तेव्हा डोळे भरून आले. पोरांना सांगितले, खडूची धूळ गेली.

आणखी एक. पत्र टाकायला निघालो तर झुंबरबाईचा नवरा मच्छिंद्र वाटूरहून दारात हजर. म्हणाला, "मास्तर, तिला पाय पाहिजे. पण बुटाचा बिलकुल न्हाई. बोटांचा पाहिजे." दादा, अरुंधतीबाईंना सांगा, अनवाणी पाय करा, तो देवळातही जाईल आणि पंगतीतही बसेल. यादीत बायकांचा रकाना नाही, तो तुम्ही आखा. मापाची सुतळी सोबत आहे, गाठी झुंबरबाईने स्वतः मारल्या आहेत. सुतळीला अडकवलेले जोडवे हरवू देऊ नका. अकरा वर्षे ते डब्यात होते. बोट त्यात बसेल एवढेच जाड हवे.