सागवानाला वाळवी

अहो,

दवाखान्यातून फोन आला, पित्ताशयाचं ऑपरेशन आजच करतायत. दादा न्यायला आलाय. जेवण झाकून ठेवलंय.

मला पूर्ण भूल देणार आहेत. पाचव्या महिन्यात भूल दिली तरी बाळाला सहसा काही होत नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. मग तुम्हाला बाजूला घेऊन काय सांगितलं? तेव्हापासून तुम्ही माझ्या नजरेला नजर देत नाही. अर्धवट पाळणाही गुपचूप माळ्यावर टाकलात. विचारलं, तर म्हणे खाली वाळवी लागेल. सागवानाला वाळवी, आणि हे सुताराच्या बायकोला सांगताय.

दवाखान्यात येण्याआधी पाळणा खाली काढा आणि पॉलिशचा एक हात मारा. शुद्धीवर आल्यावर मी डॉक्टरांना काही विचारणार नाही. तुमचे हात हुंगून बघेन.