हिरव्या गाडीला झालंय तरी काय

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा काळ्या हातांनी नमस्कार. (मामांना हे वाचून दाखवणाऱ्या वहिनी, वरच्या कोपऱ्यातला डाग इंजिन ऑइलचा आहे. कागद बदलून पाहिला, दुसऱ्यावरही पडला. हात बदलता येत नाहीत म्हणून पहिलाच कागद ठेवला.) तुमचा गुडघा कसा आहे? खोकला थांबला का? डोळ्यांचं विचारत नाही, कारण 'मोतीबिंदू अजून पिकला नाही' हे उत्तर मला गेल्या पाच वर्षांत पाठ झालंय. एवढ्या दिवसांत कुठलंही फळ पिकून गळून पडलं असतं. इकडे सगळं ठीक. हिची तब्येत बरी आहे. माझ्याशी बोलतेसुद्धा, फक्त बोलण्याआधी एकदा जेवणाच्या टेबलाकडे बघून घेते. का, ते पुढे येईलच.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर वहिनींचं होतं, पण राग तुमचा होता हे पहिल्या ओळीतच कळलं. 'शेडमधली हिरवी गाडी महिनाअखेर भंगारवाल्याला देऊन टाक. तुझी मामी गेली त्याच महिन्यात तीही गेली. घाईत चोक ओढून मीच मारली तिला. उगाच पत्र्याखाली कुजवू नकोस.' मामा, तुमची आज्ञा मी कधी मोडली नाही. लहानपणी तुम्ही गाडीचं बॉनेट उघडलंत की मला म्हणायचात, 'लांबून बघ, हात लावू नकोस.' मामी शेजारी उभ्या राहून न मागता बरोबर तोच पाना तुमच्या हातात द्यायच्या आणि मी भिंतीला टेकून लांबून बघायचो. चाळीस वर्षं लांबून बघितलं. म्हणूनच आता जे सांगणार आहे ते ऐकताना तुम्ही बसलेले असलेले बरे. (वहिनी, त्यांना खुर्ची द्या. हात असलेली.)

मी गाडी उघडली. थोडीथोडकी नाही, सगळी उघडली.

यात माझा दोष किती आणि नोकरीचा किती ते तुम्हीच ठरवा. बत्तीस वर्षं मी पाण्याचे मीटर वाचले. लोकांच्या जिन्याखाली वाकायचं, काच पुसायची, आकडा टिपायचा आणि निघायचं. मीटरला शिशाचं सील, ते तोडायला सक्त मनाई. आत काय फिरतंय, कशानं फिरतंय, कुणाला ठाऊक. ही तहान बत्तीस वर्षं साठली आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून बाहेर आली. आधी भिंतीवरचं घड्याळ उघडलं, मग इस्त्री, मग मिक्सर. (मिक्सर परत लागला नाही. त्याचं झाकण आता पक्ष्यांना पाणी ठेवायला आहे.) घरातलं उघडण्याजोगं सगळं संपलं आणि नऊ महिन्यांपूर्वी एका सकाळी मी शेडमध्ये नुसता चादर झटकायला गेलो. खरंच नुसता झटकायला. पण अशी बुटकी, दोन माणसांची, लांब नाकाची विलायती स्पोर्ट्स गाडी समोर उभी आणि तिला नेमकं काय झालंय हे जगात एकालाही माहीत नाही. तुम्ही तर तेव्हा दोनदा स्टार्टर ओढलात आणि 'गेली' म्हणून चादर टाकलीत. मेकॅनिकलाही हात लावू दिला नाहीत. इतकं मोठं कोडं घराला चिकटून उभं असताना शहाणा माणूससुद्धा स्वस्थ बसला नसता, मग माझं काय घेऊन बसलात?

पहिला अडथळा पान्यांचा. माझा बाराचा पाना नटावर बसेना आणि तेराचा बसून गोल फिरे. तीन दिवस मला वाटलं नटच झिजलेत. मग कळलं की या गाडीचं सगळं माप इंचात. आता इंचाचे पाने आणायचे कुठून? तेव्हा आमच्या नोकरीतला जुना दोस्त, नळदुरुस्तीवाला, ज्याला आम्ही पाव इंच म्हणतो, तो त्याच्या वडिलांची पेटी घेऊन आला. पाने चपखल बसले, पण त्यांच्याबरोबर पाव इंचही येऊन बसला. त्याचं प्रत्येक आजाराचं निदान एकच, 'वॉशर गेलं असणार.' कार्बुरेटर दाखवला, वॉशर. डायनॅमो दाखवला, वॉशर. त्याच्या बायकोची कंबर धरली तेव्हाही तो बहुधा हेच म्हणाला असावा, कारण ती दोन दिवस माहेरी होती.

हिनं मला अडवलं नाही, पण एक अट घातली. टपाल कचेरीच्या खिडकीवर तीस वर्षं काढलेली बाई, ती बिनपत्त्याची वस्तू घरात येऊ देत नाही. गाडीतून निघालेल्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी हवी: कुठून निघाला, कधी निघाला, परत कुठे जायचा. मला नावं माहीत नव्हती, म्हणून मी दिसेल ते लिहीत गेलो. 'डावीकडचा चमच्यासारखा.' 'चमच्यामागची रुसलेली स्प्रिंग.' एक जड, न हलणारा, मधेच बसलेला तुकडा होता, त्यावर 'थोरली आत्या' लिहिलं. (वहिनी, हे वाक्य थोरल्या आत्या तिथे आल्या असतील तर गाळा.) चिठ्ठ्या झाल्या चारशे सोळा. जुळे कार्बुरेटर ताटाळ्यात, सीट बैठकीच्या खोलीत, हेडलाइट न्हाणीघराच्या खिडकीत आणि गिअरबॉक्स जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीत. पाच महिने आम्ही गिअरबॉक्सच्या दोन बाजूंना बसून जेवलो. मीठ मागितलं की ते वळसा घेऊन यायचं.

मामा, एवढं उघडून मला काय दिसलं सांगू? एकही बिघाड नाही. पिस्टन गुळगुळीत. पेट्रोलच्या नळीत जुनं पेट्रोल गोंदासारखं वाळलं होतं, तेवढं काढलं. ठिणगी वाटून देणारा तो काळा डबा असतो ना, डिस्ट्रिब्युटर, त्याचंही झाकण काढलं. आत मधोमध एक उभी दांडी, भोवती चार पितळी ठिपके, बाकी मोकळंच मोकळं. मला ती जागा फार आवडली. विलायतेतल्या माणसांनी कशी ऐसपैस रचना केलीय, असं म्हणून मी ती फडक्यानं पुसली आणि झाकण परत लावलं.

बॅटरीचं मात्र सांगायला लाज वाटते. नवी बॅटरी आणली आणि जगात सगळीकडे जोडतात तशी काळी वायर बॉडीला, लाल आत. दिवे लावले, तर डॅशबोर्डवरचा काटा चक्क 'चार्ज'कडे गेला! दिवे बंद, काटा मधोमध. दिवे चालू, पुन्हा चार्ज. म्हणजे या गाडीचे दिवे लावले की बॅटरी भरते. पाव इंच म्हणाला असं होणं शक्य नाही. मी म्हटलं, बाबा रे, मीटर कधी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. बत्तीस वर्षं हेच वाक्य लोकांच्या दारात म्हणत आलो होतो. नाश्त्यापासून दुपारच्या चहापर्यंत हेडलाइट लावून ठेवले, चांगली काठोकाठ भरावी म्हणून. चहा होईस्तोवर बॅटरीनं मान टाकली. मग गाडीबरोबर आलेल्या माहितीपुस्तकाच्या शेवटून तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात सापडलं की या गाडीत सगळं उलटं, बॉडीला प्लस जोडायचा. उलट्या जोडणीमुळे काटाही उलटा चालत होता. मीटरवरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला आणि मी ज्यांच्या ज्यांच्याशी भांडलो होतो ते सगळे मला एकेक करून आठवले.

असो. चार महिने लावून, चिठ्ठ्या बघून बघून मी गाडी पुन्हा जोडली. एकही तुकडा उरला नाही आणि एकही कमी पडला नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो. बॅटरी आता सुलटी म्हणजे उलटी जोडलेली आहे, ताजं पेट्रोल आहे, स्टार्टर ओढला की इंजिन मजेत फिरतं. फक्त चालू होत नाही. भंगारवाला काल येऊन गेला. भोवती फिरला, आत बसला, स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ समोर बघत राहिला. 'चालू होते?' म्हणाला. मी म्हटलं, नाही. 'मग एवढी पुसलीत कशाला?' मी हातातलं फडकं खिशात कोंबलं. तो महिनाअखेर टेम्पो घेऊन येणार आहे. मामा, मला आणखी दोन महिने द्या. तिला काय झालंय हे कळल्याशिवाय ती गेली तर मला उरलेलं आयुष्य चैन पडणार नाही. तुम्ही 'नाही' म्हणालात तर देईन, शब्द मोडणार नाही. पण म्हणू नका.

खोकल्यावर हयगय नको. मुलांना आशीर्वाद. वहिनींचा घसा आतापर्यंत बसला असेल, त्यांना गरम पाणी द्यावे.

तुमचा, लांबून न बघणारा,
भाचा

ता. क. वरचं पत्र सोमवारचं. आज गुरुवार. मामा, गाडी चालू झाली. तिसऱ्या झटक्याला झाली. शेडचा पत्रा थरथरला, पाव इंच 'वॉशर!' म्हणून ओरडला आणि मी रडलो. तुम्ही घाईत काही मारलं नव्हतं. तिला कधी काही झालंच नव्हतं.

ता. क. दुसरा. ती चालू कशी झाली ते सांगायचं राहिलं. आज सकाळी तिकीट किती लागेल बघायला हिच्याकडे पत्र दिलं. ती दुसऱ्याचं पत्र वाचत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. 'एकही कमी पडला नाही' इथे ती खाकरली. म्हणाली, 'मोजून सांगताय? मग मामींच्या बटणांच्या डब्यात गाडीचं आहे ते काय?' मामींनी हिला दिलेला तो पत्र्याचा डबा, पाच वर्षं आमच्या कपाटात. तळाशी दोऱ्यानं बांधलेली पुडी, वर मामींचं अक्षर: 'गाडीचे. ह्यांचे डोळे झाल्यावर देणे.' आत डिस्ट्रिब्युटरच्या त्या मोकळ्या दांडीवर बसणारं, अंगठ्याएवढं, पितळी पात्याचं टोपण. ते नसलं की ठिणगी कुठेच पोचत नाही. मी हिला म्हटलं, नऊ महिने मी मरमर मरतोय, बोलली का नाहीस? तर म्हणाली, 'तुम्ही काय बिघडलंय विचारत होता. काय हरवलंय असं कधी विचारलंत? आणि मामांचे डोळे कुठे झालेत अजून? ज्याचं त्याला, सांगितलेल्या वेळी.' आता मला आठवतं, मामी जाण्याच्या महिनाभर आधी तुम्ही रस्त्यावरच्या लाल टपालपेटीपुढे गाडी थांबवून, तिला बाई समजून 'या, सोडतो' म्हणाला होतात. आम्ही सगळे हसलो. मामी हसल्या नव्हत्या. तपासणीपुरती चार मिनिटांची परवानगी हिनं दिली. चार मिनिटं झाल्यावर तिनं हात पुढे केला आणि टोपण परत डब्यात गेलं. भंगारवाल्याला नको म्हणून कळवलंय. (वहिनी, इथे जरा थांबा. त्यांना पाणी द्या, तुम्हीही घ्या.)

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र एवढंच. पुडीत आणखी एक कागद होता, चार घड्या घातलेला, डिंकानं चिकटवलेला. वर नुसतं 'ह्यांना'. मी तो उघडला नाही. घड्याळ, इस्त्री, मिक्सर आणि तुमची गाडी उघडणाऱ्या माणसानं तो उघडला नाही, हे ही सगळ्यांना सांगत सुटलीय. टपालानं पाठवत नाही, कारण तो वहिनींना तुम्हाला वाचून दाखवावा लागेल आणि तो त्यांच्यासाठी नाही. डोळे करून घ्या, मामा, आणि स्वतः या. कागद टोपणाबरोबर डब्यात आहे. त्यात काय लिहिलंय ते मला सांगू नका. फक्त वाचताना मला समोर भिंतीला टेकून उभं राहू द्या. सील न तोडता बाहेरून आकडा टिपायची मला सवय आहे.