एरंडोलच्या पुढे गेलेलं विमान

प्रिय प्रेमराज,

फोन हाताशी असताना हिनं कागद कशाला काळे केले, असं म्हणतच तू पाकीट फोडशील. पण फोनवर तू मला एक वाक्य तरी पुरं करू देतोस का? शिवाय काही गोष्टी सांगताना माझा आवाज जागेवर राहणार नाही, आणि तुझ्या कानात रडायची मला हौस नाही. तर वाच. दसऱ्याच्या सुमारास तू मला विचारलंस, लग्न करशील का माझ्याशी, आणि आता बाजारात भरिताची वांगी आली तरी मी हो म्हटलेलं नाही की नाही म्हटलेलं नाही. वर गेममध्ये यायचंही सोडलं. तुझ्या जागी मी असते तर धुळ्याहून येऊन दारात भांडले असते. तू मात्र रोज ‘जेवलीस का’ एवढाच मेसेज टाकतोस, आणि तो वाचून मला जेवण जात नाही. तुझं उत्तर या पत्रात आहे. शेवटचं पान आधी उघडायचं नाही, वाईट खोड आहे तुला ती.

आपली ओळख तरी कशी झाली, आठवतंय ना? भाऊ नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरात नुसता पडून राहिला. मग दिवसभर लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांचं रक्त तपासायचं आणि संध्याकाळी महायुद्धातल्या लढाऊ विमानात बसून लोकांना पाडायचं, असा माझा उद्योग सुरू झाला. त्या दिवशी पेट्रोल संपत आलं म्हणून मी जिकडून जमेल तिकडून धावपट्टीवर उतरले, तर समोरून तू उतरत होतास. मला वाचवायला तू बाजूला घेतलंस आणि थेट तेलाच्या पिंपांवर जाऊन आदळलास. सगळे हिंदी-इंग्रजी झाडणारे लोक त्या सर्व्हरवर, आणि माझ्या हेडफोनमध्ये एकदम आपली अहिराणी, “डोया फुटनात का रे भो तुना?” मला हसू आवरेना. मीही सोडलं नाही, “बठ्ठी पट्टी तुना बापनी शे का?” बाईचा आवाज ऐकल्यावर तू हळूच म्हणालास, “माफ करा हं, ताई.” त्या ‘ताई’चा राग मी अजून सोडलेला नाही.

मग तू मला उतरायला शिकवलंस. मारामारी काय, कुणालाही येते म्हणायचास, घरी नीट परत यायला शिक आधी. तुझं लहानपण धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीलगतच्या शेतात गेलं. शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावर गोल फिरायची, आणि कापूस वेचता वेचता तुला पाठ झालं होतं की आता हे कुठल्या बांधावर वळणार. तेच गोल तू माझ्याकडून घोकून घेतलंस. वाऱ्याच्या तोंडावर वर चढायचं, डावीकडे वळायचं, परत डावीकडे, मग धावपट्टी डाव्या हाताला ठेवून तिच्या शेजारून उलट्या दिशेनं निवांत जायचं. ही बाजू म्हणजे डाउनविंड. पट्टीचं टोक खांद्याच्या मागे गेलं की पुन्हा डावीकडे, आणखी एकदा डावीकडे, आणि पट्टी समोर. गेममधला मुलूख कुठला तरी परका, गावांची नावं जिभेवर न बसणारी, म्हणून आपण आपलीच नावं देऊन टाकली. धावपट्टी म्हणजे जळगाव. पुढचा पूल म्हणजे पाळधी. आणि जिथे वळायचं ते पांढऱ्या मनोऱ्याचं गाव म्हणजे एरंडोल. एरंडोलला डावीकडे, एरंडोलला डावीकडे, असं मी लॅबमध्ये नमुने लावतानाही पुटपुटायची आणि आमची मदतनीस रत्ना विचारायची, बाई, बरं आहे ना तुमचं?

त्या संध्याकाळींसारखं सुख मला दुसरं ठाऊक नाही, प्रेमराज. वर बाकीची पोरं एकमेकांचे जीव घेत असायची, दूर कुठे काळा धूर उठायचा, आणि खाली आपण दोघं गोल गोल. गेममधलं ऊन कायम उतरतीचं ठेवलेलं. इंजिनाचा एकसुरी घुमारा, डाव्या पंखाखालून सरकणारी पिवळी रानं, आणि पुढे तुझं विमान, एवढंसं. मी पार विसरून जायची की मी जळगावात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेय. तू सांगायचास, वडील गेल्यावर शेत बटाईनं दिलं, कॉलेजातल्या पोरांना फिजिक्स शिकवताना मध्येच आभाळाकडे बघतोस म्हणून पोरं हसतात. मी सांगायची, पहिलं स्थळ मोडलं तेव्हा मला वाईट वाटलंच नव्हतं, आणि वाटलं नाही याचंच वाईट वाटलं होतं. मध्येच तू गंभीर आवाज काढायचास, प्रेमराज, डाउनविंड, धावपट्टी दिसतेय. मागोमाग मी, दिपमाला, डाउनविंड, धावपट्टी दिसतेय. आपण कुठे आहोत ते मोठ्यानं सांगायचं, म्हणजे मागचा अंगावर येत नाही. हळूहळू ती भांडखोर पोरंही आपल्या मागे रांगेत उभी राहायला लागली. आई चहाचा कप ठेवताना विचारायची, “उतरनं का तुनं इमान?” आणि मी म्हणायची, थांब गं, अजून एक चक्कर.

मग खऱ्या एरंडोलला भेटायचं ठरलं. धुळे-जळगावच्या वाटेवरच पडतं म्हणून. पद्मालयाला जाऊ, गणपतीला नमस्कार करू, असा तुझा बेत. माझी गाडी वाटेत बंद पडली, स्टँडवर पोहोचले तेव्हा दिवेलागण झालेली, आणि दर्शन राहून गेलं ते गेलंच. तुझ्याकडे येता येता मी पेरूच्या हातगाडीवर जाऊन धडकले. परत निघताना गाडीची पायरी चुकले, तू कोपर धरलंस. तुला वाटलं, पोरगी लाजतेय. मी आणि लाजतेय! हे तुला पटलं तरी कसं? खरं सांगू, मला त्या दिवशी तुझा चेहरा धड दिसलाच नाही. तुझा आवाज, खोबरेल तेलाचा वास आणि चौकड्याच्या शर्टाचं वरचं बटण, एवढंच घेऊन मी घरी आले. व्हिडिओ कॉलवर म्हणशील, तर तिथे तू मोबाइल असा धरतोस की मला तुझ्या नाकपुड्या आणि छताचा पंखाच दिसतो.

त्यानंतर माझं विमान एरंडोलला वळेनासं झालं. डाउनविंडला लागायची, तुझ्याशी बोलत बोलत जायची, जायची, आणि पुढेच जायची. एरंडोल मागे पडून धुळ्याच्या वाटेवरचं पारोळा यायला लागलं की तू ओरडायचास, “कथा जाई राहिनी वं? पारोळा उनं!” मी जीभ चावून विमान वळवायची. पोरं मागे खोळंबायची, म्हणायची, दीदी आज गुजरातला चाललीय. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. आणि मग दसऱ्याच्या आधीची ती संध्याकाळ. मी नेहमीसारखी पुढे निघून गेले आणि तू ओरडलाच नाहीस. म्हणालास, आता एवढी आलीसच तर ये धुळ्याला, कायमचीच ये. आणि मग सरळ विचारलंस. माझ्या हातून तेव्हा विमान नदीत गेलं, ते तुला आठवत असेलच. नंतर तू सांगितलंस की तुला केव्हाच कळलं होतं. बोलणं संपू नये म्हणून ही मुद्दाम चक्कर लांबवते. लहानपणापासून विमानं फिरताना बघितलीत, कोण चुकतंय आणि कोण मुद्दाम लांबवतंय ते मला बरोबर ओळखू येतं, म्हणालास. किती खुशीत होतास! त्या खुशीवर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं. मला धावपट्टी दिसत नव्हती, प्रेमराज.

मलाही तेव्हा माहीत नव्हतं. शपथेवर सांगते. डाव्या पंखामागचं पट्टीचं टोक पडद्याच्या कडेला असायचं, तेच गायब व्हायला लागलं. काळं नाही, धुरकट नाही, नुसतं नाहीच. धावपट्टी दिसतेय, हे मी आपली सवयीनं म्हणत राहिले. मला वाटलं गेम बिघडला. मग वाटलं स्क्रीन जुना झाला. दुकानदाराशी तावातावानं भांडून नवा रुंद स्क्रीन आणला, तर त्यावर आणखी कमी दिसायला लागलं. बाजूनं येऊन कुणीही मला पाडायला लागलं. स्वयंपाकघरात पाण्याची बादली रोज पायात यायची आणि मी आईवर चिडायची, वाटेत का ठेवतेस म्हणून. डोळ्यांची शंका येणार तरी कशी? मायक्रोस्कोपखाली मला एकेक पेशी लख्ख दिसत होती. लॅबमध्ये माझ्या नजरेची लोक उदाहरणं देतात रे.

शेवटी तू विचारल्यानंतरच्या आठवड्यात गेले डॉक्टरांकडे. चष्मा घेऊन येऊ आणि मग धुळ्याला हो कळवू, असा सरळ हिशेब होता माझा. त्यांनी हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली, हातात बटण दिलं. आत कुठेकुठे बारीक उजेडाचे ठिपके लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी पटापटा दाबत होते, मनात म्हणत होते, बघ कशी पहिला नंबर काढते. संपल्यावर ती यंत्रावरची मुलगी माझ्याकडे न बघता कागद घेऊन आत गेली. मी स्वतः लोकांच्या हातात रिपोर्ट देते. वाईट रिपोर्ट देताना आपण समोरच्याकडे बघत नाही, हे मला शिकवायला नको. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. दिसणं कडेकडेनं मिटत येतं, अंधारात आधी आणि मग उजेडातही. मधलं काही वर्षं राहील. किती, ते डॉक्टर सांगत नाहीत, आणि आज तरी यावर औषध नाही. पुढे मुलं व्हायची असतील तर त्यांच्यासाठीही आधी तपासण्या करून घ्या, म्हणाले. मी मान डोलावली, थँक्यू म्हटलं, बाहेर येऊन चपला शोधल्या आणि पायरीवर बसून राहिले.

मग खूप चिडले. देवावर, भावाच्या कॉम्प्युटरवर, तुझ्यावरही. तुझ्यावर का, ते विचारू नकोस, कुणावर तरी चिडायला हवंच होतं. आईला आठवडाभर काही बोलले नाही. सांगितल्यावर तिनं काय केलं, माहीत आहे? घरातल्या सगळ्या बादल्या, पाट, सूप उचलून भिंतीला लावलं, आणि मग देवापुढे बसून रडली. गेममध्ये येणं मी म्हणून सोडलं. तुझा आवाज कानात घेऊन, धावपट्टी दिसतेय, असं खोटं बोलायला मला जमणार नव्हतं. रुसले नव्हते रे मी. वेडा आहेस का?

तर आता ते शेवटचं पान. माझं उत्तर हो आहे. तू विचारलंस त्या क्षणीही हो होतं, विमान नदीत गेलं म्हणून सांगायचं राहिलं. पण तू विचारलंस ते धडधाकट डोळ्यांच्या मुलीला, आणि चक्कर ती मुद्दाम लांबवते असं समजून. म्हणून तुझा प्रश्न तुला परत करतेय. आता सगळं माहीत असताना वाटलं तर पुन्हा विचार, नाही वाटलं तर नको. तू नाही आलास तर मी समजून घेईन, असं छान वाक्य लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? मला फार लागेल. तुझं मात्र सगळं चुकलं नव्हतं. त्यातल्या दोन-तीन संध्याकाळी मला एरंडोल अगदी स्वच्छ दिसलं होतं, आणि तरी मी वळले नाही. आमच्याकडे मुलीला बघायला येतात, पोहे खातात, कळवतो म्हणून जातात. येत्या रविवारी आमच्या अंगणात उलटा कार्यक्रम आहे. सकाळच्याच गाडीनं ये, उशीर करून संध्याकाळ करू नकोस. आई भरीत-पुरी करणार आहे. मी तुला भर उन्हात खुर्ची टाकून बसवणार आहे आणि समोर बसून बघणार आहे, कपाळ, भुवया, कान, हनुवटी, सगळं. हसलास तरी चालेल, पण हलू नकोस. मला तुझा चेहरा पाठ करायचा आहे.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
दिपमाला