हवा निघून जाईपर्यंत

नाना, अंगण झाडून, म्हशीचं शेण उचलून मी तुमचा चहा किटलीत घेऊन विहिरीवर आले, तेव्हा वीज नुकतीच आली होती. तुम्ही वरच्या शेताकडे गेला होतात. आपल्या विहिरीचं पाणी चार शेतांना पाळीनं जायचं आणि कोणाला किती गेलं ते तुम्ही पाइपावरच्या मीटरवर बघायचात. त्या दिवशी शेजारच्या अक्कांच्या केळीची पाळी. मोटर सुरू होते, रिकामा पाइप फुसफुसतो, पाणी यायच्या आधीच मीटरचा काटा गरगर फिरतो. पाइप भरल्यावर आकडा लिहायचा, हे मला माहीत होतं. पण शाळेची घाई होती. मी पाइप भरायच्या आधीचाच आकडा वहीत लिहिला आणि पळाले. तुम्ही त्या आकड्यापासून मोजून पाळी बंद केली. संध्याकाळी अक्कांच्या शेवटच्या ओळी कोरड्या निघाल्या.

"पाइप भरेलोक थांबली होती का?" तुम्ही विचारलं. मी नाही म्हणाले. "मंग हवा मोजली तू. थांबता येत नसलं तं मोजू नये." एवढंच बोललात. मग अक्कांच्या दारात जाऊन "माझ्याच्यानं चुकलं, अक्का" म्हणालात आणि आपल्या पाळीतलं पाणी त्यांना दिलंत. मी तुमच्या मागे उभी होते.

तुमची नात आता जळगावला मीटर तपासते. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून, दाबाखाली पातळ करून नळीतून नेतात. तो किती गेला हे सांगणारं मीटर. हायड्रोजनचीही तिथे येतात. तिची पुस्तकं मी धुळ्यात बसून वाचते, निम्मी कळतात. हे गेल्यापासून दुपारी दुसरं काय करणार? परवा सकाळी तिचा फोन आला. "आई, आकडा जास्त येतोय. दाब कमी पडून नळीत बुडबुडे सुटलेत असं मला वाटतं. साहेब म्हणतात, मीटर न्यायला गाडी दारात उभी आहे, सही कर."

"मग कर," मी म्हणाले. "अजून कायम नाहीस तू."

"पाइप भरेपर्यंत थांबायचं, हे तूच सांगतेस ना?" तिनं फोन ठेवला.

दिवसभर मी भाकरीला हात लावला नाही. नोकरी गेली असं धरूनच चालले होते. संध्याकाळी ती हसतच बोलली. तिनं सही केली नव्हती. शेवटी त्यांनी दाब वाढवला, नळी थंड केली, वाट बघितली. आकडा खाली आला आणि तीन वेळा तोच आला. "साहेब म्हणतात, हे आधीच सांगायचं ना. सकाळपासून मी काय भजन म्हणत होते?"

तुम्ही आता नाही, म्हणून हे पत्र तिच्या पुस्तकातच राहणार. पण एक कबूल करते: सही कर म्हणणारी मीच होते, आणि विहिरीची ती गोष्ट मी लेकीला नेहमी, तो आकडा माझा होता हे वगळून सांगितली.

काल सकाळच्या एसटीनं आपल्या गावी, फैजपूरला गेले. अक्का आता नव्वदीच्या आहेत. त्यांच्यासमोर बसून सांगितलं की तो आकडा मी लिहिला होता. "मले माहीत होतं, बाई," त्या म्हणाल्या. "नाना कधी हवा मोजता का?" मग मी त्यांच्याकडे जेवले, दोन भाकरी खाल्ल्या आणि दुपारच्या गाडीनं परत आले.