पुष्पा शे ना!

९ जानेवारी १९८९, सोमवार

नाशिकहून आमच्या हॉस्पिटलात लेक्चरला बाई आल्या होत्या. मला वाटलं, हात धुण्यावर बोलतील. तर म्हणे, प्रत्येक सिस्टरनं आपल्या स्वभावातला एक चांगला गुण सांगा! सगळ्या खाली बघायला लागल्या. कुणी वक्तशीर म्हटलं, कुणी हसतमुख. माझी पाळी आली आणि मी तोंड उघडायच्या आत आमच्या वॉर्डातली मंदा उठली — "पुष्पा सिस्टर ड्युटीवर असल्या की आम्हाला काळजीच नसते." टाळ्या!

बाई म्हणाल्या, आता महिनाभर हा गुण नुसता बघा. कामावर काय करतो, घरी काय करतो.

बघू की. बघण्यासारखा आहे!

११ जानेवारी

खरंच आहे म्हणा. लेकीचं यावलचं स्थळ मी शोधलं. लग्नाचा मांडव, आचारी, पाहुण्यांच्या गाद्या — सगळं मी. हे नवा सदरा घालून दारात उभे होते, तेवढंच. पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं क्लार्की करतात, पण घरात साधा पंखा घ्यायचा तरी म्हणतात, "तू म्हणशील तसं."

कुणीतरी करणारं लागतंच ना घरात.

१५ जानेवारी, रविवार

आबांना धुळ्याला घेऊन आले. माझे सासरे, रुपचंद आबा. साक्रीजवळ गावी एकटेच असतात, सासूबाई गेल्यापासून. सकाळी शेजारच्या धनसिंगभाऊंचा निरोप आला — आबा गोठ्यात घसरले, पाय सुजला. हे खुर्चीत बसूनच राहिले. "काय करावं गं आता?" तोवर माझी पिशवी भरून झाली होती!

गावी पोचले. म्हैस धनसिंगभाऊंच्या दावणीला बांधली. घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. बायका जमल्या होत्या. म्हणाल्या, "पुष्पा शे ना, मंग काय चिंता!" फार बरं वाटलं.

आबा बसमध्ये सारखे मागे वळून बघत होते. पाय दुखत असणार.

१६ जानेवारी

एक्सरे काढला. हाड शाबूत. चला, हेही मार्गी लागलं!

२२ जानेवारी

आबांचं सगळं बसवून दिलंय. सकाळी पायाला शेक, बिनसाखरेचा चहा, दुपारी झोप, संध्याकाळी ओट्यावर खुर्ची.

"कसं वाटतंय आबा?"

"चांगलं शे."

"भाजी?"

"बठ्ठं चांगलं शे."

पाय असो की भाजी, सगळं चांगलंच; तक्रार म्हणून नाही. पण अर्धी भाकरी तशीच ठेवतात.

२५ जानेवारी

आबांचा पाय बरा झालाय. आज टोपी हातात घेऊन दाराशी उभे होते. मला विचारलं, "मी भाहेर जाऊ का?"

मला! ज्या माणसानं एक शब्द टाकला की गावातले बांधाचे तंटे मिटायचे, तो माझी परवानगी मागतोय. आणि मी काय म्हटलं? "जा ना आबा. पण गल्लीच्या टोकापर्यंतच हं."

वॉर्डातल्या पेशंटला मी अगदी असंच सांगते. त्याच आवाजात.

२८ जानेवारी

आमच्या वॉर्डात धनीबाई आहे. साक्रीच्या डोंगराकडची म्हातारी, खुबा मोडलाय. तिची सून रुख्माबाई तिला भात भरवत होती. एक घास, मग दोघी काहीतरी बोलणार, हसणार, मग दुसरा घास. माझं ड्रेसिंग खोळंबलेलं. मी वाटी घेतली आणि पटापट भरवून टाकलं. भात संपला! वळून बघते तर रुख्माबाई तशीच उभी — हात पुढे, जसे वाटी धरायला असतात तसे. आणि म्हातारी माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होती.

वाटी परत दिली. रिकामी.

३१ जानेवारी

आज घरात आपण काही करायचं नाही, असं ठरवून बसले. दूध वर आलं. हे बघत राहिले. मी बघत राहिले. शेवटी गॅस मीच बंद केला! उतू गेल्यावर.

५ फेब्रुवारी, रविवार

ड्युटीवरून आले तर आबांचं अंथरूण घडी करून ठेवलेलं, पिशवी नाही. गल्लीच्या टोकापर्यंत पळाले, पिठाच्या गिरणीवर विचारलं, मारुतीच्या देवळात बघितलं. पोलिसांत कळवायचं म्हणून शेजाऱ्यांच्या फोनकडे निघाले, तेवढ्यात हे आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "मीच बसवून आलो त्यांना साक्रीच्या गाडीत. किल्ली तुझ्या पर्समधून घेतली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस." चप्पल कोपऱ्यात सारत म्हणाले, "आणि तुझं बरोबरच असतं. म्हणून नाही विचारलं."

नंतर मी खूप बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

८ फेब्रुवारी

अजून अबोला. रागही येतोय आणि त्या रागाची लाजही. आबा गेले म्हणून राग आहे का? नाही. ह्यांनी ठरवलं म्हणून आहे! जन्मभर ऐकवत आले — तुम्हाला काही ठरवता येत नाही. येत होतं की. मध्ये मी उभी होते.

पण माझं सगळंच चुकतं, असंही नाही. आज धनीबाईला एकाएकी धाप लागली, ओठ निळे पडले. नवी सिस्टर थिजली. मी ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं, रुख्माबाईला बाजूला सारलं. तेव्हा कुणाला विचारत बसायचं होतं? म्हातारी वाचली. नंतर रुख्माबाईला खाटेशी नेलं, सासूचा हात तिच्या हातात दिला आणि मी निघून आले. हे मात्र नवीन केलं.

वॉर्डातली धावपळ संपते. मी ती घरी घेऊन येते, हे खरं.

१२ फेब्रुवारी, रविवार

गावी जाऊन आले. एकटीच. औषधं, फडकी, फिनाईलची बाटली — पिशवी जड!

आबा गोठ्यात होते. म्हैस परत दावणीला. मला बघून जरा दचकलेच. मी पदर खोचून झाडूकडे वळले तर म्हणाले, "बस वं माय. आज तू काहीच करू नको. चहा मी करस."

बसले. हातांचं काय करावं कळेना! मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले. चहा आला, साखर मोजलेली नसावी. आबा बोलत होते — म्हशीचं, धनसिंगभाऊंच्या विहिरीचं, सासूबाईंचं. धुळ्यात इतक्या दिवसांत बोलले नव्हते तेवढं. मग म्हणाले, "तठे तू मन्हं बठ्ठं करे. पन मन्हं काय काम होतं तठे?"

तिथे, माझ्या घरी, त्यांचं काम! मी कपातला गार चहा पिऊन टाकला. धनसिंगभाऊ आता रात्री आबांच्या ओसरीवर झोपायला येतात. हे कुणी ठरवलं, मी विचारलं नाही.

पिशवी तशीच भरलेली परत आणली.

१७ फेब्रुवारी

ह्यांनी साक्रीला बदली मागितली होती. मंजूर झाली! पुढच्या महिन्यात आबांजवळ राहायला जाणार. मी लगेच सुरू — भाड्याच्या घराचं काय, भांडी कुठली न्यायची, माझ्या ड्युटीचं —

ह्यांनी मला थांबवलं. "ते होईल गं सगळं. तुला काय पाहिजे? यायचंय, का इथंच राहायचंय?"

असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

भांड्यांचं नंतर. आधी मला काय पाहिजे ते बघते.