ब्रेकमधली हवा आणि मामंजींचा पाय

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, गुरुवार, मे १९९६

तीर्थस्वरूप मृत्युंजयअण्णाला धाकट्या दामिनीचे शरणु शरणार्थी.

अप्पांचा खोकला, अव्वाची कंबर आणि दुकानातला फळीवरचा उंदीर, तिघे कसे आहेत ते सविस्तर कळव. (उंदराला अव्वाच्या ओळीत बसवलं म्हणून तिची माफी माग. खोडलं तर कागद घाण दिसतो.) इकडे सर्व क्षेम आहे. गाडीचा ब्रेक तेवढा मऊ झाला होता.

घाबरू नकोस, मी दोघांपुरतं घाबरून घेतलंय. रविवारी नांदेडला माझी बँकेची परीक्षा. भूकंप होऊन तीन वर्षं होत आली तरी सासूबाईंचा नेम कायम आहे: घरातलं माणूस एकटं गावाबाहेर जाणार नाही, गेलं तर सगळं घर जाईल. म्हणजे मी, सासूबाई आणि मामंजी, सगळे गाडीनं जाणार. (आमचे हे उमरीच्या शाळेत नोकरीला, नोकरीपुढे नेम चालत नाही; ते तिकडून परस्पर येतील. त्यांना सायकलच चालवता येते, तीही उतारावर.) गाडी नाही तर परीक्षा नाही.

सोमवारी मामंजी आणि सासूबाई चौकातून येत होते. समोर म्हैस आली. मामंजींनी पाय दाबला तर ब्रेक ओल्या गादीसारखा खाली गेला. भराभर दाबल्यावर गाडी थांबली, पण म्हशीला टेकून. म्हैस हलली नाही. सासूबाईंना मात्र वाटलं परत जमीन हलली. त्या दार उघडून मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून म्हशीलाही बोलावू लागल्या.

मामंजींचा फिजिक्सचा क्लास आहे (भूकंपानंतर पोरं स्लॅबखाली बसेनात, म्हणून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतो), त्यामुळे निदान त्यांनी आधी बॅचला सांगितलं, मग घराला. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. अर्थात ब्रेकच्या तेलात हवा शिरली आहे. अगदी बरोबर होतं. अप्पांनी मला स्पेअर पार्टच्या खोक्यांवर बसवून पाढ्यांच्या आधी हेच शिकवलं होतं. गल्लीतला मिस्त्री बसवंत लग्नाला चाकूरला गेलेला. मी पदराआडून सासूबाईंना म्हटलं, मला येतं. त्या मामंजींना म्हणाल्या, "तिला येतंय म्हणे." मामंजी भिंतीला म्हणाले, "बघू दे की मग." मागच्या उजव्या चाकाजवळ नळीचा जोड ओला लागला. तो आवळला, ब्रेकच्या तेलाच्या डबीत नवं तेल भरलं. आता फक्त हवा काढायची राहिली.

तुला माहीतच आहे, एकानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकाजवळचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे निघाले की आवळायचा आणि मगच पाय उचलायचा. आधी उचलला की हवा परत आत. पण मी लग्नापासून मामंजींशी थेट एक अक्षर बोललेली नाही. या घरात सून सासूला सांगते, सासू सासऱ्याला सांगते. भाजीतल्या मिठापुरती ही रीत चांगली आहे.

मी गाडीखालून (पदर डोक्यावर, डोकं तेलात) म्हणायची, "दाबायला सांगा."

"अहो, दाबा म्हणतीय."

"कुठवर?"

"कुठवर गं?"

"तळापर्यंत."

"तळापर्यंत म्हणतीय."

"दाबलंय म्हण."

"दाबलंय म्हणायलेत."

मी स्क्रू सैल करायची, बुडबुडे यायला लागायचे आणि नेमकी तेव्हाच सासूबाईंना माया यायची. "गुडघा दुखत असंल की हो, घ्या जरा वर!" पाय वर, हवा आत, पुन्हा पहिल्यापासून. दुपारची बॅच येऊन बसली, तेल संपत आलं आणि प्रत्येक खेपेला नांदेड एकेक कोस लांब जात होतं.

शेवटी बुडबुडे भरभरून निघत असताना वरून "गुडघा" एवढं कानावर आलं आणि मी ओरडले, "मामंजी, पाय उचलायचा नाही! मेलं तरी उचलायचा नाही!" (हे "मेलं तरी" माझ्या तोंडात कुठून आलं? दोन दिवस मला जेवण जात नाही.) शेडमधली सगळी बॅच उठून उभी राहिली. मामंजींनी पाय उचलला नाही. मी स्क्रू आवळला, बाहेर आले, सासूबाईंच्या पाया पडले, साडी बदलून आले, तरी उचलला नाही. उचला असं मी म्हटलंच नव्हतं ना. चहा त्यांनी तिथंच घेतला. अखेर सासूबाई म्हणाल्या, "आता सांग की बाई, तुझंच ऐकतेत ते." मी म्हटलं, "सोडा." बाकीची चाकं मग थेट बोलण्यावर झटपट उरकली. ब्रेक आता दगडासारखा घट्ट आहे.

अप्पा-अव्वांना नमस्कार. हे पत्र दुपारच्या उदगीर गाडीच्या कंडक्टरकडे देतेय.

तुझी,
दामिनी

ता. क. आता खरं काम. त्या दिवसापासून मी सांगितल्याशिवाय मामंजींचा पाय ब्रेकवर जातच नाही. काल फेरी मारून पाहिली. मी "दाबा" म्हटलं की थांबलो, मी शिंकले तेव्हाही थांबलो. नांदेडपर्यंत मी हेच करत बसले तर गणितं कधी पाहू? तेव्हा शनिवारी मुक्कामाला ये आणि रविवारी गाडी तू चालव.

ता. क. दुसरा. येऊ नकोस. चोरून पत्र पाठवणं बरं वाटेना, म्हणून सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "भाऊ कशाला? तुला चालवता येत न्हाई व्हय?" मी म्हटलं, येतं. "मग ह्यांना बसव मागं. म्या सांगते." सांगितलंही. मामंजी शेडमधून म्हणाले, "हे तिनं सांगितलं का?" तेव्हा माझं लायसन्स (सासरी कशाला लागतं म्हणून अव्वानं ट्रंकेत ठेवलंय) उद्याच्या गाडीनं नक्की पाठव. त्यावरच्या फोटोत मी फार घाबरलेली दिसते. असू दे, रविवारीही तशीच दिसणार आहे. कुणी अडवलं तर ओळख पटायला बरं.